दोन दिवसांची संवाद-कार्यशाळा आणि सकाळी सातची पाळी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. गेल्या वर्षी आमच्या व्यवस्थापनाने पुण्यातील एका प्रशिक्षण संस्थेकडून कामाच्या ठिकाणच्या संवादावरची दोन दिवसांची कार्यशाळा विकत घेतली. संस्थेची निवड, दराची घासाघीस आणि नंतरचा पाठपुरावा ही तिन्ही कामे माझ्याकडे असल्याने या सेवेविषयी बरेवाईट दोन्ही लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे. संस्थेचे नाव मी देत नाही. याच साच्याच्या कार्यशाळा पुण्या-मुंबईत डझनावारी मिळतात आणि त्यांची माहितीपत्रके सख्खी भावंडे शोभतात, तेव्हा गिऱ्हाइकाने नेमके काय पाहून पैसे द्यावेत, हे सांगणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

आम्हाला या कार्यशाळेची गरज का भासली, ते आधी सांगायला हवे, कारण सेवेचा दर्जा त्या गरजेशीच ताडून पाहावा लागेल. आमच्याकडे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन्ही प्रकारांची कास्टिंग (साच्यात ओतून केलेले भाग) होतात. एसजीमध्ये ग्रॅफाइट बारीक गोळ्यांच्या रूपात यावे म्हणून वितळलेल्या लोखंडावर लॅडलमध्ये, म्हणजे ते वाहून नेण्याच्या मोठ्या भांड्यात, मॅग्नेशियमची प्रक्रिया करतात. मॅग्नेशियम 1,090 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि आमचे लोखंड त्या वेळी 1,400 अंशांच्या वर असते, त्यामुळे प्रक्रिया झाल्या क्षणापासून मॅग्नेशियम उडून जाऊ लागते. साधारण दहा मिनिटांत ते लोखंड साच्यात पडले नाही, तर गोळे नीट बनत नाहीत आणि कास्टिंग वरून कितीही देखणे दिसले तरी आतून कच्चे राहते. याला आम्ही ‘फेडिंग’ म्हणतो. थोडक्यात, एसजीचे लॅडल भरले की घड्याळ चालू होते आणि त्या दहा मिनिटांत मोल्डिंग (साचे बनवणारा विभाग), मेल्टिंग (लोखंड वितळवणारा विभाग) आणि क्रेन या तिघांना एकमेकांचे नेमके कळले पाहिजे.

ज्या दिवसामुळे ही कार्यशाळा घ्यावीशी वाटली, त्या दिवशी दुसऱ्या पाळीत मोल्डिंग लाइनच्या हायड्रॉलिकचा पाइप फुटला. मोल्डिंगच्या सुपरवायझरने तत्परतेने ‘लाइन बंद, 20 मि.’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रॉडक्शन ग्रुपवर टाकला. त्यावर दोन अंगठे आले. एक स्टोअरमधून आणि एक डिस्पॅचमधून. मेल्टिंगच्या सुपरवायझरचा फोन मात्र ड्रॉवरमध्ये होता, कारण भट्टीजवळ मोबाइल नेऊ नये हा नियम आम्हीच केलेला आहे. त्याने प्रक्रिया उरकली आणि लॅडल क्रेनला लागले. क्रेनचालकाला वरून लाइन बंद पडलेली दिसत होती, तरी तो काही बोलला नाही. लॅडल थांबले, लाइन सुरू झाल्यावर लोखंड ओतले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाहिल्यावर त्या लॅडलची सगळी कास्टिंग पुन्हा भट्टीत टाकण्याच्या लायकीची निघाली. चौकशीत प्रत्येकाचे उत्तर तयार होते. मोल्डिंग म्हणाले, “मी ग्रुपवर टाकलं होतं.” मेल्टिंग म्हणाले, “मला कुणी सांगितलं नाही.” दोघेही खरेच बोलत होते. क्रेनचालकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मागं एकदा बोललो होतो, तवा म्हणाले, तुझं काम क्रेन चालवायचं.”

कार्यशाळेसाठी तीन संस्थांकडून कोटेशन मागवली. तिन्हींत खेळ, व्हिडिओ, गटचर्चा आणि प्रमाणपत्र हे चारही जिन्नस होते. आम्ही निवडलेल्या संस्थेचा दर मधला होता. 28 जणांसाठी दोन दिवसांचे 1 लाख 40 हजार रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि नंतर तीन महिने पाठपुरावा ‘विनामूल्य’. निवडीमागचे खरे कारण दर नव्हता. आधी एक दिवस येऊन सकाळी सातचा पाळीबदल प्रत्यक्ष पाहाल का, असे मी तिघांनाही विचारले होते. एका संस्थेने प्रश्नावली पाठवली, दुसरीने एचआरबरोबर फोनवर बोलून घेऊ असे सुचवले, आणि या संस्थेच्या प्रशिक्षक बाई पावणेसात वाजता सेफ्टी शूज घालून गेटवर हजर होत्या. पुढे जे काही चांगले घडले, त्याचे मूळ त्या एका सकाळीत आहे, असे आज मागे वळून पाहताना मला वाटते.

पहिला दिवस हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला आणि तो बहुतांशी वाया गेला. सुरुवातीला कानगोष्टींचा खेळ झाला, मग वर्तमानपत्रांचे मनोरे बांधले, मग डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सहकाऱ्याला तोंडी सूचना देऊन खुर्च्यांमधून चालवायचे होते. आमच्या फेटलिंगच्या (कास्टिंग घासूनपुसून साफ करण्याच्या) मुकादमांनी हे सारे मनापासून केले आणि पोट धरून हसलेही. परंतु कानगोष्टीत वाक्य बिघडते हे कळायला त्यांना हॉटेलात यावे लागत नाही; तोच खेळ ते रोज तीन पाळ्यांत खेळतात. त्यानंतर 1955 साली मांडली गेलेली ‘जोहारी खिडकी’ पडद्यावर आली. आपल्याला माहीत आणि इतरांनाही माहीत, आपल्याला माहीत पण इतरांना नाही, अशी ती चार चौकटींची आकृती कल्पना म्हणून चांगली आहे. पण तिच्यात क्रेनवरून दिसणारी बंद लाइन कुठल्या चौकटीत बसते, हा आमच्या कामाचा प्रश्न विचारलाच गेला नाही. दुपारी जेवणात तांबडा-पांढरा रस्सा होता. कोल्हापुरात प्रशिक्षण ठेवणाऱ्या सर्व संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे की हा बेत शेवटच्या दिवशी, शेवटचे सत्र संपल्यावर ठेवावा.

जेवणानंतर जे झाले ते मात्र झोपेत ऐकून सोडून देण्यासारखे नव्हते. संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 टक्के आणि देहबोलीचा 55 टक्के असतो, हे प्रसिद्ध गणित मोठ्या अक्षरांत पडद्यावर झळकले. हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 सालच्या प्रयोगांतून आले आहेत, आणि त्या प्रयोगांचा विषय मर्यादित होता: बोलणाऱ्याचा शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा दुसरेच सांगतो, तेव्हा त्याच्या भावना आपण कशावरून ओळखतो. सर्वच संवादाला हे प्रमाण लावू नये, असे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केलेले आहे. पुढच्या घाणात सिलिकॉन किती घालायचे, हे देहबोलीतून सांगता येत नाही. मी चहाच्या वेळी बाईंना तसे म्हटले. त्यांनी ते मान्य केले, आणि ती स्लाइड संस्थेच्या ठरलेल्या संचात असल्याने काढता येत नाही, असेही प्रामाणिकपणे सांगितले. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. संस्थेचा संच आवडला नाही.

पहिल्या दिवसाचा आणखी एक दोष गंभीर होता. आमचे मालक सकाळी पहिल्या रांगेत बसले होते. “मोकळेपणाने बोला, आज इथे कुणी लहान-मोठा नाही,” असे त्यांनी स्वतः सांगितले आणि त्यानंतर दीड तास कुणी तोंड उघडले नाही. मालक सज्जन आहेत, कामगारांच्या घरच्या लग्नकार्याला आवर्जून जातात, पण रिजेक्शनचा आकडा ऐकल्यावर त्यांच्या कपाळाला पडणारी आठी सर्वांच्या ओळखीची आहे. अशा वेळी मालकांना नम्रपणे बाहेर बसवणे, किंवा त्यांच्याशी आधी स्वतंत्र तासभर बोलून घेणे, हे प्रशिक्षकाचे काम असते. पैसे देणाऱ्याला हे सांगायला धाडस लागते, आणि ते संस्थेने दाखवले नाही. अकरा वाजता मालक एका मीटिंगसाठी निघून गेले तेव्हा हॉलमधली हवा बदललेली सर्वांना जाणवली.

दुसरा दिवस आमच्याच कारखान्यात, कँटीनच्या वरच्या खोलीत आणि प्रत्यक्ष शॉपवर झाला, आणि या सेवेत पैसे द्यावे असे जे काही होते ते या दिवसात होते. सुरुवात साधी होती. बाईंनी प्रत्येकाला आपले नाव आणि काम सांगायला लावले. एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या माणसांना हे पोरकट वाटले, पण क्रेनचालकाची पाळी आली तेव्हा लक्षात आले की खोलीतल्या निम्म्या लोकांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. सगळे त्याला ‘क्रेनवाला’ म्हणत. त्यावर बाईंनी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली आणलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीचा दाखला दिला. 19 मुद्द्यांच्या त्या यादीत चीर घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगितले आहे ना, याची खातरजमा करण्याचा मुद्दा आहे. ज्याला नावाने हाक मारली जाते तो अडचणीच्या वेळी बोलण्याची शक्यता जास्त असते, हा त्यामागचा हिशेब. कार्यशाळा झाल्यापासून मी तरी क्रेनचालकाला नावाने हाक मारतो.

त्यानंतर त्यांनी टेनेरिफ बेटावरचा विमान-अपघात सांगितला आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. 27 मार्च 1977 रोजी त्या बेटावरच्या धुक्यात केएलएमचे विमान परवानगी न मिळताच उड्डाणासाठी धावू लागले आणि त्याच धावपट्टीवर असलेल्या पॅन अ‍ॅमच्या विमानावर आदळले. 583 माणसे गेली. समोरचे विमान अजून बाजूला झालेले नाही का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. ती प्रश्नाच्या रूपात निघाली, कॅप्टनने ती ठामपणे झटकून टाकली, आणि कॅप्टन हा त्या कंपनीतला नामांकित, इतरांना शिकवणारा वैमानिक असल्याने विषय तिथेच संपला. अशा अपघातांच्या अभ्यासातून 1979 साली नासाने भरवलेल्या परिषदेनंतर वैमानिकांच्या चमूला एकत्र प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजली आणि 1981 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने ती कार्यक्रम म्हणून सुरू केली. मला इथे बाईंची निवड फार योग्य वाटली. फ्लाइट इंजिनिअरने निदान प्रश्न तरी विचारला होता. आमच्या क्रेनचालकाने तेवढेही केले नाही, आणि त्याला तसे शिकवणारे आम्हीच होतो.

या गोष्टीवरून शंका मांडण्याच्या तीन पायऱ्या ठरल्या. पहिली, “मला हे बरोबर वाटत नाही.” दुसरी, “यातून नुकसान होईल.” तिसरी, नुसते “थांबा.” हा शेवटचा शब्द कुणीही, कुणालाही, पदाचा विचार न करता म्हणू शकतो आणि तो ऐकल्यावर आधी काम थांबवायचे, कारण नंतर विचारायचे, असे ठरले. टोयोटाच्या कारखान्यांत कामगार दोरी ओढून लाइनवर मदत बोलावू शकतो आणि गरज पडल्यास लाइन थांबते, ती पद्धत अनेकांना ऐकून माहीत होती. पण आपल्या कारखान्यात तो अधिकार आपल्यालाही असू शकतो, हे कुणी कधी उच्चारलेले नव्हते.

दुसऱ्या दिवसातले सर्वांत रंगलेले सत्र मात्र ‘बघतो’ या एका शब्दावर झाले. पाळीबदल पाहायला आल्या होत्या त्या सकाळी बाईंनी हा शब्द वारंवार ऐकून वहीत टिपून ठेवला होता. त्यांनी फळ्यावर तो लिहिला आणि त्याचे अर्थ विचारले. पाच मिनिटांत फळा भरला. मेंटेनन्सच्या फिटरने “बघतो” म्हटले तर तो खरोखर जाऊन बघतो. स्टोअरच्या माणसाने म्हटले तर माल शिल्लक नाही. पर्चेसमधून आले तर साहेबांची सही झालेली नाही. वरिष्ठाने म्हटले तर नाही. आणि नवीन पोराने खाली मान घालून म्हटले तर त्याला काय करायचे तेच कळलेले नाही. “करून टाकतो,” “होऊन जाईल” आणि “हो साहेब” यांचेही असेच उत्खनन झाले. हशा पिकला, पण त्या हशात प्रत्येक जण आपापले एक फसलेले काम आठवत होता. आपल्या भाषेत ‘नाही’ न म्हणता नाही म्हणण्याची सोय फार मोठी आहे आणि घरगुती व्यवहारात ती माणसे सांभाळते. 1,400 अंशांच्या लोखंडाजवळ ती परवडत नाही.

उपाय म्हणून निरोप उलट सांगण्याची पद्धत शिकवली गेली. सांगणाऱ्याने सांगायचे, ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणायचे, आणि सांगणाऱ्याने “बरोबर” म्हटले की निरोप पोहोचला असे धरायचे. विमानतळाच्या नियंत्रण कक्षाकडून आलेली महत्त्वाची सूचना वैमानिकही परत म्हणून दाखवतात. आमच्याकडे अडचण निराळीच निघाली. मुकादमाने पोराला “परत सांग बघू” म्हटले की त्याला परीक्षा घेतल्यासारखे वाटते, आणि पोराने मुकादमाला तसे म्हणणे तर उद्धटपणाच ठरतो. यावर आमच्याच एका वयस्कर मोल्डरने तोडगा काढला. ऐकणाऱ्याने आपणहून म्हणायचे, “मी सांगतो, चुकलं तर थांबवा.” मग परीक्षा कुणाचीच होत नाही. बाईंनी ते तिथल्या तिथे स्वीकारले आणि पुढच्या सरावांत तेच वाक्य वापरले. शिकवणाऱ्याला हे जमणे दुर्मिळ आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

दुपारनंतरचा विषय चार्ज देण्या-घेण्याचा होता. फाउंड्रीत ‘चार्ज’ म्हणजे भट्टीत टाकायचा माल आणि ‘चार्ज’ म्हणजे पाळीचा ताबा. पहिल्याचे आमच्याकडे किलोपर्यंत वजन होते, दुसऱ्याचे कधीच झाले नव्हते. इथे बाईंनी पायपर अल्फाचे उदाहरण घेतले. उत्तर समुद्रातील त्या तेल-प्लॅटफॉर्मवर 6 जुलै 1988 रोजी एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही, दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने व्हॉल्व्ह काढलेलाच पंप चालू केला, वायू गळला आणि त्या आगीत 167 जण मृत्युमुखी पडले. कागद होता, तो योग्य माणसाच्या डोळ्यांसमोर नव्हता. आमच्या ग्रुपवरच्या निरोपाची कथा याहून वेगळी नाही, फक्त आमचे नशीब चांगले.

त्यातून एक पानी पत्रक तयार झाले. काय चालू आहे, काय अर्धवट आहे, काय तात्पुरते बदलले आहे, कशावर नजर ठेवायची, आणि मला कशाची खात्री नाही, असे पाच प्रश्न. शेवटचा प्रश्न आमच्या मेल्टिंगच्या सुपरवायझरने सुचवला आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे, कारण ‘मला माहीत नाही’ असे लिहायला कंपनीच्या छापील कागदावर पहिल्यांदाच जागा मिळाली. पत्रक भरून टेबलावर ठेवायचे नाही. दोन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरांनी ते हातात घेऊन भट्टीपासून लाइनपर्यंत एकत्र चालायचे, असेही ठरले. तिसऱ्या पाळीतून पहिल्या पाळीला चार्ज देताना आम्ही हे सकाळी करून पाहिले तेव्हा चालायला अकरा मिनिटे लागली.

आणि नेमक्या इथे संस्थेची सेवा अपुरी पडली. ही अकरा मिनिटे कुणाच्या वेळेतली? जाणाऱ्या पाळीची बस सुटायला दहा मिनिटे असतात आणि येणारी पाळी ठोक्याला पंच करते. संवाद सुधारायचा तर दोन पाळ्या काही काळ एकत्र असायला हव्यात, म्हणजे तेवढ्या वेळाचा पगार द्यावा लागतो आणि बसची वेळ बदलावी लागते. या खर्चाचा एक शब्दही संस्थेच्या प्रस्तावात नव्हता. मी तो हिशेब घेऊन मालकांकडे गेलो तेव्हा त्यांनी साहजिकच विचारले, “कार्यशाळेचे पैसे वेगळे आणि हे वेगळे?” महिनाभर चर्चा होऊन सुपरवायझरांसाठी पंधरा मिनिटे मंजूर झाली, बाकीच्यांसाठी अजून नाहीत. अशा कार्यशाळा विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा आधीच मांडून ठेवावा.

भाषेचा प्रश्नही संस्थेला पेलला नाही. आमच्या मोल्डिंगमध्ये निम्मे लोक बिहार आणि ओडिशातून आलेले आहेत. वाचनाचे साहित्य मराठीत आणि स्लाइड इंग्रजीत होत्या, गटचर्चा अस्सल कोल्हापुरीत रंगल्या, आणि ही मंडळी मागच्या खुर्च्यांवर शांत बसून राहिली. बाईंना उत्तम हिंदी येत होते, तरी वेळापत्रकात त्यासाठी जागा नव्हती. पाच प्रश्नांचे पत्रक नंतर आम्हीच हिंदीत करून घेतले.

पाठपुराव्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिली भेट प्रत्यक्ष झाली आणि चांगली झाली, दुसरी व्हिडिओ कॉलवर उरकली गेली, तिसरीच्या जागी अभिप्रायाच्या फॉर्मची लिंक आली. प्रमाणपत्रे मात्र लॅमिनेट करून, वेळेवर आली.

आज दहा महिन्यांनी काय टिकले आहे? निरोप उलट सांगण्याची सवय मेल्टिंगमध्ये टिकली, मोल्डिंगमध्ये निम्मी टिकली, ऑफिसमध्ये अजिबात नाही. चार्जचे पत्रक पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत नियमित भरले जाते, रात्रपाळीत आदल्या दिवसाचे उतरवून काढलेले सापडते. लाइन बंद पडली की भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर लाल दिवा लागावा, ही व्यवस्था फिटरने कार्यशाळेनंतरच्या आठवड्यात सुचवली. त्याला आलेला खर्च कार्यशाळेच्या एका दिवसाच्या जेवणापेक्षाही कमी होता. त्या दिव्यामुळे थांबलेल्या लाइनची बातमी आता कुणाच्या फोनवर अवलंबून नाही. ग्रुपवर फक्त नोंदीसाठी लिहायचे आणि अंगठ्याला होकार मानायचा नाही, असेही ठरवले आहे. अंगठे तरीही येतात.

एक गोष्ट संस्थेने आम्हाला आधी सांगायला हवी होती. कार्यशाळेनंतरच्या दोन महिन्यांत चुकांच्या नोंदी कमी न होता वाढल्या. मालक अस्वस्थ झाले आणि त्यांनी मला बोलावून विचारले की आपण पैसे देऊन तक्रारी विकत घेतल्या का. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना असाच अनुभव आला होता. चांगल्या चालणाऱ्या चमूंत चुकांच्या नोंदी जास्त दिसल्या, कारण तिथली माणसे चुका लपवत नव्हती. 1999 साली त्यांनी मांडलेल्या ‘मानसिक सुरक्षितते’च्या कल्पनेमागे हा अनुभव आहे. मी मालकांना हे सांगितले आणि जुन्या नोंदवह्या दाखवल्या, ज्यांत सलग तीन-तीन आठवडे ‘सर्व ठीक’ असे लिहिलेले होते आणि त्याच आठवड्यांत ग्राहकांकडून माल परत आलेला होता. मालकांनी वह्या चाळल्या, काही बोलले नाहीत, पण त्यानंतर नोंदींच्या संख्येविषयी त्यांनी पुन्हा विचारलेले नाही. हे काम खरे तर पैसे घेणाऱ्या संस्थेचे होते.

गुण द्यायचे झाले तर पहिल्या दिवसाला मी दहापैकी तीन देईन, दुसऱ्याला आठ आणि पाठपुराव्याला चार. प्रशिक्षक बाईंना स्वतंत्रपणे नऊ. ज्यांना केवळ वार्षिक प्रशिक्षणाचा रकाना भरायचा आहे, त्यांना स्वस्तातली कुठलीही संस्था चालेल. ज्यांच्याकडे तीन पाळ्या चालतात आणि एका पाळीची चूक दुसऱ्या पाळीत उघडी पडते, त्यांनी प्रशिक्षक पाळीबदलाला उभे राहायला तयार आहेत का, हे आधी विचारावे, मालकांसाठी वेगळा तास मागून घ्यावा, साहित्य कामगारांच्या भाषेत मागावे आणि हॉटेलचा हॉल सरळ कापून टाकावा.

या वर्षी संस्थेने पुन्हा तोच दोन दिवसांचा प्रस्ताव पाठवला आहे, मनोऱ्यांसकट. खेळांचा दिवस काढून त्याऐवजी त्याच बाईंनी तीन वेगवेगळ्या तारखांना आमचे तीन पाळीबदल पाहावेत आणि लगेच तिथेच सुपरवायझरांशी बोलावे, असे मी त्यांना उलट कळवले. सकाळी सात आणि दुपारी तीनला त्यांची तयारी आहे. रात्री अकराच्या पाळीबदलाला येण्याचे आणि मुक्कामाचे वेगळे पैसे पडतील, असे उत्तर आले. ते द्यायला आम्ही तयार आहोत.